खानदेशात जुनी बीएमडब्ल्यू: घेताना काय पाहावं, घेतल्यावर आधी काय करावं

दहा-पंधरा वर्षं जुनी बीएमडब्ल्यू आज नव्या हॅचबॅकच्या पैशांत मिळते. चालवायला तिची सर नव्या हॅचबॅकला येत नाही, हेही खरं. पण जळगाव-भुसावळचा उन्हाळा, काळ्या मातीची धूळ आणि अधिकृत वर्कशॉपचं अंतर या तीन गोष्टी धरूनच इथे हिशेब मांडावा लागतो. पुण्यात गाडी बिघडली तर संध्याकाळपर्यंत फिटर सापडतो. पारोळ्याजवळ बिघडली तर आधी अख्खी गाडी वर घेणारा फ्लॅटबेड ट्रक शोधावा लागतो. म्हणून इथल्या मालकाने गाडी इंजिन पाहून घ्यावी आणि घेतल्यावर पहिला खर्च इंजिनाच्या थंडाव्यावर, रबरावर आणि तेलांवर करावा. टायर, अलॉय आणि स्टिरिओचं नंतर बघता येतं.

मॉडेलआधी इंजिन

बीएमडब्ल्यूचा चेन्नईचा कारखाना २००७ मध्ये सुरू झाला. जुन्या बाजारातल्या बहुतेक गाड्या त्यानंतरच्या आहेत: ३ सिरीजची ई९० आणि तिच्यानंतरची एफ३०, ५ सिरीजची ई६० आणि एफ१०, आणि पहिली एक्स१, म्हणजे ई८४. बाहेरून दोन ई९० सारख्याच दिसतात. बोनेटखाली मात्र एक दहा वर्षं निवांत चालणारी असते आणि दुसरी सहा महिन्यांत कर्ज काढायला लावणारी.

३२५आय आणि ५२५आय मध्ये येणारं एन५२ हे सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन या सगळ्यांत सरळ आहे. टर्बो नाही, थेट इंजेक्शन नाही, टायमिंग साखळी (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारी) सहसा त्रास देत नाही. दुखणी ठरलेली आहेत. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून तेल गळतं, तेल फिल्टरच्या हाउसिंगचं गॅस्केट कडक होतं आणि विजेवर चालणारा पाण्याचा पंप लाख-दीड लाख किलोमीटरच्या सुमारास मान टाकतो. हाउसिंगच्या गळतीकडे काणाडोळा करू नका. ते तेल थेट इंजिनाच्या पुढच्या पट्ट्यावर ठिबकतं. पट्टा फुगून सुटला तर क्रँक पुलीमागच्या सीलमधून त्याचे धागे इंजिनात ओढले जातात आणि चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवून तेलाची जाळी साफ करायची वेळ येते. एका छोट्या गॅस्केटपायी एवढं काम वाढतं.

३२०आयचं चार सिलिंडरचं एन४६ वय झालं की तेल पितं. व्हॉल्व्हचे स्टेम सील वाळतात, मग सिग्नलला दोन मिनिटं थांबून निघताना मागे निळा धूर दिसतो. एफ३० च्या पेट्रोल गाड्यांतल्या एन२० इंजिनात साखळीचे प्लास्टिक गाइड २०१५ च्या सुरुवातीपर्यंत कच्चे निघाले आहेत. आरपीएमबरोबर चढणारी शिट्टीसारखी बारीक सायरन ऐकू आली तर सौदा तिथेच थांबवा.

खानदेशात मात्र जास्त मागणी डिझेलला, म्हणजे ३२०डी, ५२०डी आणि एक्स१ ला. यांतल्या बहुतेकांत एन४७ असतं आणि त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं.

एन४७ ची साखळी

या इंजिनाची टायमिंग साखळी पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. साखळी, तिचे प्लास्टिक गाइड आणि टेन्शनर झिजले की साखळी ढिली पडते, दात ओलांडते किंवा तुटते. तुटली की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, संपतं. सर्वांत बदनाम गाड्या २००७ ते २०११ च्या आहेत. नंतर सुधारणा झाल्या, एफ३० मध्ये तक्रार कमी झाली, पण पूर्ण मिटली नाही. २०१५ च्या आसपास याच्या जागी बी४७ इंजिन आलं. रोज धुळे-नाशिक किंवा जळगाव-संभाजीनगर करणाऱ्याने बजेट ताणून बी४७ च घ्यावं.

साखळीचा आवाज ओळखायचा तो कानाने. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. विकणाऱ्याने तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. गाडी सुरू करताच काचेच्या बाजूने, म्हणजे इंजिनाच्या मागच्या अंगाने, धातूवर धातू घासल्यासारखी खरखर येते का ते ऐका. मग एकाने हळूहळू १५०० ते २००० आरपीएम दरम्यान ॲक्सिलरेटर धरावा आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सच्या बोगद्याजवळ, गाडीखालून ऐकावं. इंजेक्टरची टकटक वरून येते आणि एकसारखी असते. साखळीची खरखर मागून, खालून येते आणि आरपीएम सोडताना जास्त जाणवते. पुढून येणारा आवाज बऱ्याचदा क्रँकच्या पुलीचा असतो. तिच्यातलं रबर फाटतं, आणि ते काम स्वस्त आहे. मागचा आवाज पुढचा समजू नका आणि पुढच्या आवाजाला घाबरून चांगली गाडी सोडू नका.

शंका राहिली तर मालकाच्या परवानगीने तेल फिल्टर काढून त्याच्या घड्या चाकूने उलगडा. काळ्या तेलात तपकिरी किंवा काळ्या प्लास्टिकच्या चकत्या, चमकणारे कण दिसले तर गाइड झिजू लागले आहेत.

दुरुस्ती होते, पण ती मोठी आहे. गिअरबॉक्स उतरवावा लागतो, फ्लायव्हील काढावं लागतं आणि अनेक मिस्तरी सरळ अख्खं इंजिन बाहेर घेतात. फक्त वरची साखळी बदलून "काम झालं" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. वरची आणि खालची अशा दोन्ही साखळ्या, सगळे गाइड, टेन्शनर, मागचं क्रँक सील आणि एकदाच वापरायचे सगळे बोल्ट नवे पडले पाहिजेत. क्रँक आणि कॅम जागेवर धरून ठेवणारं टायमिंग लॉकिंग किट ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे हे काम नकोच. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर त्याचं तेल, फिल्टर आणि प्रॉपेलर शाफ्टची रबरी चकती याच वेळी बदला. मजुरी वाचते. साखळी बदलल्याचं बिल विकणाऱ्याकडे असेल तर त्यातल्या पार्ट नंबरांवरून नेमकं काय बदललं ते कळतं. बिल नसेल तर साखळी बदललेली नाही असंच धरा आणि तेवढी रक्कम भावातून वजा करून बोला.

गाडी बघायला जाताना

एक चांगला स्कॅनर बरोबर न्या. ई मालिकेच्या गाड्यांना के-डीकॅन केबल आणि एफ मालिकेला एनेट केबल लागते. बिमरलिंकसारखं मोबाइल ॲप आणि त्याला चालणारा ॲडाप्टरही पहिल्या तपासणीला पुरतो. मार्च २००७ पूर्वीच्या ई गाडीला केबलमधली ७ आणि ८ नंबरची पिन जोडलेली लागते, नाहीतर काही मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) बोलतच नाहीत आणि गाडी निर्दोष आहे असा भास होतो.

किलोमीटर फक्त मीटरमध्ये नसतात. ई९० मध्ये ते कॅस, म्हणजे चावी आणि स्टार्ट सांभाळणाऱ्या मॉड्यूलमध्येही साठवलेले असतात. दोन्हीकडचे आकडे वाचा. मीटर ९० हजार आणि मॉड्यूल २ लाख १० हजार सांगत असेल तर पुढे बोलायचं कारण नाही. शिवाय फॉल्ट मेमरीतल्या काही नोंदींसोबत त्या वेळचे किलोमीटर असतात, तेही मीटरशी जुळवून बघा. मेमरी अगदी कोरी असेल तर ती आज सकाळीच पुसली आहे असं समजा आणि ४० किलोमीटर चालवून पुन्हा वाचा.

या फेरीत इंजिनाचं तापमानही पाहा. एन४७ चा थर्मोस्टॅट ८८ अंशांचा आहे. हायवेवर अर्ध्या तासानंतरही स्कॅनर ७० ते ७५ दाखवत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. लोकांना वाटतं, थंड चालतंय म्हणजे बरं चालतंय. तसं नाही. डिझेल जास्त जळतं, तेलात पातळपणा येतो आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्यातली काजळी जळत नाही. पार्ट स्वस्त आहे, तेव्हा यावरून गाडी नाकारू नका, फक्त भाव करा.

जमलं तर दुपारी दोनला गाडी उभी ठेवून, एसी पूर्ण लावून २० मिनिटं तशीच चालू ठेवा. पंखा कधी लागतो, गार हवा टिकते का, तापमान सतत वर सरकत राहतं का, ते बघा. मार्च ते जूनमधली ही एक चाचणी खानदेशात इतर पाच चाचण्यांइतकी बोलकी आहे.

आपल्याकडे गंज फारसा नसतो. पण मुंबई, सुरतकडून आलेल्या गाडीत पाणी शिरलेलं असू शकतं. पुढचे गालिचे उचलून खालचा फोम दाबा, सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, डिकीत बॅटरीच्या खोबणीत चिखलाची रेघ आहे का पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. बुडालेल्या गाडीचा पट्टा धुतला तरी मुळाशी डाग राहतो.

चेसिस नंबरचे शेवटचे सात अंक टिपून घ्या. त्यावरून उत्पादनाचा महिना, इंजिन आणि कारखान्यात बसवलेले पर्याय कळतात. याच नंबरावर अधिकृत डीलरकडे रिकॉल बाकी आहे का विचारा. टकाटा कंपनीच्या एअरबॅगचा जगभर गाजलेला रिकॉल ई९० सह अनेक जुन्या मॉडेलांना लागू झाला आहे. त्यातला अमोनियम नायट्रेटचा इन्फ्लेटर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतो आणि फुटताना धातूचे तुकडे उडवतो. आपल्या हवेत ही चौकशी टाळू नये.

कागद

एमएच-१८, एमएच-१९ किंवा एमएच-३९ ची गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी आणि कर्ज असल्यास बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ एवढ्यावर भागतं. दुसऱ्या राज्यातल्या गाडीला फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध आले, त्यामुळे तिकडच्या ५२०डी मोहात पाडणाऱ्या भावाने येतात. त्या भावात टॅक्स, वाहतूक आणि एनओसीचा वेळ मिळवा आणि मग तुलना करा. परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घेणं बंधनकारक आहे. आरसीची १५ वर्षं भरत आली असतील तर फॉर्म २५ ने नूतनीकरण, तपासणी आणि हरित कर यांचा खर्च कोणाकडे, ते सौद्यातच ठरवा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का, तेही बघून घ्या.

पहिला महिना: थंडावा

गाडी दारात आली की पहिलं काम कूलिंगचं. होळीपर्यंत ते उरकलेलं असावं, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) वाट बघू नये. या गाड्यांत थर्मोस्टॅटचं घर, पाइपांचे जोड, एक्स्पान्शन टाकी सगळं प्लास्टिकचं आहे. ते उष्णतेने ठिसूळ होतं आणि हायवेवर अचानक तडकतं. दहा वर्षांवरच्या गाडीत टाकी, तिचं झाकण, वरचा-खालचा होज आणि थर्मोस्टॅट एकदम बदलावेत. एकेक फुटेल तसं बदलण्यात कुलंटचेच पैसे दुप्पट जातात. एन५२ चा पंप आधी बदललेला नसेल तर तोही याच वेळी. त्याचे बोल्ट ॲल्युमिनियमचे असतात आणि एकदाच वापरायचे. जुने परत लावले तर एक तरी ब्लॉकमध्ये तुटतो. लोखंडी बोल्ट घालण्याचा जुगाड करू नका, कारण या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये मॅग्नेशियम आहे आणि लोखंडाशी संपर्क आला की ते खाल्लं जातं.

कुलंट निळं, कंपनीच्या मानकाचं, आणि अर्ध्याला अर्धं डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी नकोच. इथलं पाणी जड आहे, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात. हिरवं किंवा लाल कुलंट त्यात मिसळू नका.

हवा काढण्याची रीत पंपावर ठरते. एन५२ चा पंप विजेचा असल्याने इंजिन सुरू न करता हवा काढायची. बॅटरीला चार्जर लावा, टाकी वरपर्यंत भरून झाकण बंद करा. इग्निशन चालू, हीटरचं तापमान सर्वांत जास्त, पंख्याचा वेग सर्वांत कमी. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दहा सेकंद दाबून सोडा. पंपाची घरघर सुरू होते आणि सुमारे १२ मिनिटं चालते. ती थांबली की पातळी खाली गेलेली दिसेल. भरा आणि पुन्हा एकदा तीच फेरी करा. चार्जर न लावता केलं तर अर्ध्यातच बॅटरी बसते. एन४७ आणि एन४६ चा पंप पट्ट्यावर चालतो. तिथे हीटर पूर्ण उघडून टाकीजवळचा ब्लीड स्क्रू ढिला करायचा आणि बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत सावकाश भरत राहायचं.

पुढची जाळीही याच कामात साफ होते. एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर एकमेकांना चिकटून असतात आणि मधल्या फटीत धूळ, किडे आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरातली रुई जाऊन बसते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत मात्र नमद्यासारखा थर झालेला असतो. पुढचं प्लास्टिक आवरण काढून मागून पुढे, साध्या नळाच्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळ नेला तर पाकळ्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. हे काम वर्षातून एकदा, फेब्रुवारीत करा. बऱ्याच लोकांची एसीबद्दलची "गॅस कमी झाला" ही तक्रार एवढ्यानेच मिटते.

इंजिन ऑइल

डॅशबोर्डवरची सूचना ऑइलला २५ हजार किलोमीटरच्या आसपास मुदत देते. तिच्यावर जाऊ नका. इथल्या धुळीत आणि उन्हात ८ ते १० हजारांवर किंवा वर्षाला एकदा बदलणं हाच एन४७ च्या साखळीचा सर्वांत स्वस्त विमा आहे. डिझेलला ५डब्ल्यू-३०, डब्यावर बीएमडब्ल्यू लॉन्गलाइफ-०४ असं छापलेलं पाहून घ्या. एन४७ ला फिल्टरसह ५.२ लिटर, एन५२ ला ६.५ लिटर आणि एन४६ ला ४.२५ लिटर लागतं. ड्रेन बोल्ट आणि फिल्टरचं झाकण दोन्ही टॉर्क रेंचने २५ न्यूटन-मीटरला आवळा. झाकण प्लास्टिकचं आहे, पान्याला पाइप लावून आवळलं की पुढच्या वेळी फुटतं. झाकणाची मोठी ओ-रिंग आणि ड्रेन बोल्टचं वॉशर दर वेळी नवं. ई९० च्या एन५२ ला डिपस्टिक नसते. पातळी इंडिकेटरच्या दांडीवरच्या बटणाने, इंजिन गरम असताना, सपाट जागी बघायची.

एअर फिल्टर १५ हजारांना बदला. शेतरस्त्याने रोज जाणं असेल तर त्याही आधी. हवेचा झोत मारून फिल्टर परत बसवू नका, कागदाला न दिसणारी भोकं पडतात. डिझेल फिल्टरला २० हजार ही मर्यादा ठेवा आणि ज्याची विक्री जास्त, टाकी सतत भरली-रिकामी होते, अशाच पंपावर भरा.

गिअरबॉक्सचं तेल पहाटे

कंपनी हे तेल आयुष्यभराचं म्हणते. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं सांगते. झेडएफचंच ऐका. बहुतेक डिझेल ई९० आणि ई६० मध्ये झेडएफचा सहा गिअरचा ६एचपी आणि एफ मालिकेत आठ गिअरचा ८एचपी आहे. काही पेट्रोल गाड्यांत जनरल मोटर्सचा बॉक्स येतो आणि त्याचं तेल वेगळं. बॉक्सवरचा बिल्ला वाचल्याशिवाय तेल मागवू नका. ६एचपी ला लाइफगार्ड ६, ८एचपी ला लाइफगार्ड ८. सात लिटर जवळ ठेवा. फिल्टर प्लास्टिकच्या चेंबरमध्येच असतो, तेव्हा अख्खं चेंबर नवं येतं.

गाडी चारही बाजूंनी सारखी उचला. जॅक फक्त तळाच्या चार रबरी ठोकळ्यांवर लावा, बाजूच्या पत्र्याला लावला तर पत्रा दुमडतो. आधी भरायचा बोल्ट ढिला करून बघा. तो उघडत नसेल तर खालचा उघडायचाच नाही, नाहीतर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागेल. मग तेल काढा, टी-४० च्या टॉर्क्स (तारेच्या आकाराच्या) पान्याने चेंबरचे स्क्रू सोडा. तळातल्या चुंबकांवर करडी, मलमासारखी बारीक भुकटी असणं साहजिक आहे. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर आत काहीतरी तुटतंय. ६एचपी मध्ये वायरचा जाड प्लग जिथे बॉक्समध्ये शिरतो तिथला प्लास्टिकचा स्लीव्ह आणि आत मेकॅट्रॉनिकचा (गिअर बदलणाऱ्या नियंत्रण युनिटचा) अडॅप्टर सील हे दोन ठरलेले गळके भाग. चेंबर उघडलेलं असताना दोन्ही बदला. ६एचपी चं नवं चेंबर आडव्या-तिडव्या क्रमाने १० न्यूटन-मीटरला आवळा.

भरणं दोन टप्प्यांत. इंजिन बंद असताना भोकातून बाहेर येईपर्यंत भरा. मग इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून आर आणि डी मध्ये काही सेकंद धरून पुन्हा पी मध्ये आणा आणि इंजिन चालूच ठेवून आणखी भरा. स्कॅनरवर गिअरबॉक्स तेलाचं तापमान बघत राहा. ते ३० ते ५० अंशांत, शक्यतो ४० च्या जवळ असताना भोकातून बारीक धार येत असेल तर पातळी बरोबर. बोल्ट बंद करा आणि मगच इंजिन बंद.

इथेच आपल्याकडे गफलत होते. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये गाडी सुरू व्हायच्या आधीच तेल ४२ अंशांवर असतं आणि भरता भरता ६० ला पोचतं. फुगलेल्या तेलाची धार बघून बोल्ट लावला की प्रत्यक्षात तेल कमी राहतं. आठवड्याने गिअर धक्का देऊ लागतो आणि दोष नव्या तेलाला मिळतो. गाडी रात्रभर उभी ठेवा, काम पहाटे करा. हिवाळ्यात केलं तर उत्तमच.

वीज आणि बॅटरी

बॅटरी डिकीत, उजव्या बाजूला असते. उन्हाने ती लवकर थकते आणि थकलेली बॅटरी या गाड्यांत दहा खोटे फॉल्ट दाखवते. नवी बॅटरी त्याच जातीची आणि त्याच ॲम्पिअरची घ्या. एजीएम जातीच्या बॅटरीच्या जागी साधी नको. बसवल्यावर स्कॅनरने तिची नोंद करा, नाहीतर गाडी जुनी समजूनच चार्ज करत राहते. बॅटरीच्या बाजूची बारीक रबरी नळी पुन्हा जोडायला विसरू नका, तिच्यातून वायू गाडीबाहेर जातो.

जंप स्टार्ट द्यायचा तर बोनेटखालच्या टर्मिनलवर आणि शेजारच्या अर्थिंगच्या खुंटीवर. ई९० मध्ये व्होल्टेज एकदम पडलं की एफआरएम हे लाइट आणि काचा सांभाळणारं मॉड्यूल मरतं. काचा खाली अडकतात, लाइट सतत चालू राहतात. दुकानदार नवं मॉड्यूल सुचवेल. बऱ्याचदा आतली मेमरी बिघडलेली असते आणि ती पुन्हा लिहून तेच मॉड्यूल चालतं, म्हणून ते कुरियरने मुंबई-पुण्याच्या मॉड्यूल दुरुस्ती करणाऱ्याकडे पाठवा.

चाकं, सस्पेन्शन, पावसाळा

पुढच्या कंट्रोल आर्मचे बुश खड्ड्यांनी आधी जातात. ताशी ८० ला ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं, ते डिस्कमुळेच असं गृहीत धरू नका. नवे बुश गाडी जमिनीवर, वजनावर असताना आवळा. हवेत लटकलेल्या चाकावर आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. चाकांना नट नसतात, बोल्ट असतात. ई९०, ई६० ला १२ मिमीचे, १२० न्यूटन-मीटर. एफ३०, एफ१० ला १४ मिमीचे, १४० न्यूटन-मीटर. पंक्चरवाल्याच्या एअर गनने शेवटचा घट्टपणा देऊ देऊ नका. रनफ्लॅट (हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर) काढून साधे टायर घातले तर गाडी मऊ चालते, पण मग स्टेपनी किंवा किमान प्लग किट आणि कॉम्प्रेसर डिकीत हवाच.

मृगाच्या आधी सनरूफच्या चारही नाल्यांत पेलाभर पाणी ओतून ते चाकांजवळून पडतं का बघा. तुंबली असेल तर मऊ नायलॉन दोरी घाला, कॉम्प्रेसरची हवा नको, आतला जोड निसटतो. काचेखालची पानं काढा. ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी. ब्रेक पॅडचे सेन्सर पुढे डावीकडे आणि मागे उजवीकडे असतात, पॅड मागवताना तेही मागवा.

पार्ट आणि मिस्तरी

पार्ट नावाने मागवू नका, अकरा अंकी नंबराने मागवा. चेसिसचे शेवटचे सात अंक टाकून ऑनलाइन कॅटलॉगमध्ये तो नंबर मिळतो. खोक्यावर बीएमडब्ल्यूचं चिन्ह नसलं तरी लेमफोर्डर, माहले, मान, सॅक्स, बॉश, एलरिंग, कॉर्टेको हे दर्जेदार आहेत. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीत मायापुरी इथे जुने पार्ट मिळतात. दार, आरसा, सीट, हेडलाइट तिथून घ्या. पाण्याचा पंप, साखळी, थर्मोस्टॅट कधीच जुने नकोत. ट्रॅव्हल्सच्या पार्सलने मुंबईचं सामान सकाळी धुळ्यात किंवा जळगावात येतं, म्हणून गाडी उघडायच्या आधी सामान हातात ठेवा.

मिस्तरी निवडताना त्याच्याकडे ई-टॉर्क्सचे (तारेच्या आकाराच्या डोक्याच्या बोल्टांचे) सॉकेट, टॉर्क रेंच आणि स्कॅनर आहे का, एवढं विचारा. ट्रॅक्टर-पिकअप करणारे आपल्याकडचे कितीतरी फिटर हाताने पक्के आहेत. त्यांना टॉर्कचे आकडे कागदावर लिहून दिले आणि एकदाच वापरायचे बोल्ट आधी आणून दिले तर सस्पेन्शन, ब्रेक, कूलिंग ते व्यवस्थित करतात. साखळी आणि मेकॅट्रॉनिकसाठी मात्र मोठ्या शहरातला बीएमडब्ल्यूचाच जाणकार गाठा.

रस्त्यात बंद पडली तर

डिकीत दोन लिटर तयार मिसळलेलं कुलंट, पट्टा, एक लिटर इंजिन ऑइल, होज क्लॅम्प, फ्यूज, टॉर्च, स्कॅनरचा ॲडाप्टर आणि टूलकिटमधला ओढायचा हुक असू द्या. हा हुक बंपरवरचं छोटं झाकण काढून आटे फिरवून बसतो, आणि जुन्या गाडीत नेमका तोच हरवलेला असतो. आजच बघून घ्या.

तापमानाची लाल खूण आली की लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ" म्हणून काढलेल्या तीन किलोमीटरांत ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. टाकीचं झाकण किमान पाऊण तास उघडू नका. गरम इंजिनात गार पाणी ओतू नका.

ऑटोमॅटिक गाडी क्रेनने पुढून उचलून मागची चाकं रस्त्यावर घासत नेऊ देऊ नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासले जातात. चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड मागवा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेताना तुमच्या गावाच्या पिनकोडवर फ्लॅटबेड मिळतो का, ते पॉलिसी घ्यायच्या आधी फोन करून विचारा. बॅटरी पूर्ण बसली असेल तर गाडी पी मध्येच अडकते. ती हाताने सोडवायची सोय तुमच्या मॉडेलमध्ये कुठे आहे, हे मालकाच्या पुस्तिकेतून आधीच पाहून ठेवा आणि फ्लॅटबेडवाल्याला स्वतः दाखवा. चढवताना पुढचा बंपर खाली घासतो, त्यामुळे त्याला उताराखाली दोन लाकडी फळ्या लावायला सांगा.